सैबेरियातील खोकडे आणि निवडीची कसोटी

बैलबाजारात जोडी पाहावयास गेलेला शेतकरी प्रथम दात पाहतो, मग खूर, खांदा आणि चाल पाहतो. आणि सौदा ठरत आला की हळूच विचारतो, 'मारका तर नाही ना?' हा प्रश्न पशुपालनाइतकाच जुना असला पाहिजे. मारका बैल कोणी पैदाशीसाठी राखत नाही. अंगाने भरदार आणि स्वभावाने गरीब असा खोंडच वळू म्हणून वाढवला जातो. शेकडो पिढ्या हे चालत आले. आपण एका जनावराची निवड करतो असे शेतकऱ्याला वाटते. वस्तुतः तो त्या जातीचा पुढचा स्वभाव ठरवीत असतो.

चार्ल्स डार्विनने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभ नैसर्गिक निवडीपासून केला नाही, तर माणसाने केलेल्या या निवडीपासून केला. कबुतरे, कुत्री, मेंढ्या, घोडे यांच्या जाती माणसाने कशा घडवल्या, हे पहिल्या प्रकरणात सांगून मग तो निसर्गाकडे वळतो. त्याच प्रकरणात त्याने एक चमत्कारिक निरीक्षण नोंदले आहे. पाळीव प्राण्यांत असा एकही प्राणी सापडत नाही, की ज्याच्या एखाद्या तरी जातीचे कान कोठे ना कोठे लोंबते झालेले नाहीत. रानटी प्राण्यांत लोंबते कान जवळजवळ आढळत नाहीत. हत्ती हा ठळक अपवाद. केवळ कानच नव्हे, तर अंगावरील पांढरे ठिपके, वळलेली शेपटी, वर्षातून एकाहून अधिक वेळा माजावर येणे, ही लक्षणेही निरनिराळ्या पाळीव प्राण्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. बैल नांगराला हवा म्हणून ठिपके कोणी मागितले नव्हते. कुत्रा राखणीला हवा म्हणून वळलेली शेपटी कोणी मागितली नव्हती. मग ही न मागितलेली लक्षणे आली कोठून?

या कोड्याला प्रत्यक्ष प्रयोगाने हात घालण्याचे काम डार्विनच्या ग्रंथानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ साली, सैबेरियात सुरू झाले. विज्ञानाच्या इतिहासातील दीर्घकाळ चाललेल्या प्रयोगांत त्याची गणना होते आणि तो आजही संपलेला नाही. परंतु प्रस्तुत लेखकाला, शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे असेल कदाचित, या प्रयोगाइतकीच तो ज्या राजवटीत झाला तिची कथाही महत्त्वाची वाटते. कारण त्या देशात त्या काळी दोन निवडी एकाच वेळी चालू होत्या. एक निवड खोकडांची होती, दुसरी शास्त्रज्ञांची.

प्रथम एका शब्दाचा खुलासा. इंग्रजीतील 'फॉक्स' याला आपण सरसकट कोल्हा म्हणतो. पण कोल्हा हा निराळा प्राणी. 'फॉक्स' म्हणजे आपले खोकड. सैबेरियातील प्रयोग ज्यांच्यावर झाला ती खोकडे तांबड्या खोकडाच्याच जातीची, परंतु काळ्या-रुपेरी केसांची होती. त्यांच्या कातडीला युरोपच्या बाजारात मोठी किंमत येई आणि सोव्हिएत सरकारला परकीय चलन मिळे; म्हणून सरकारी फार्मांवर ती हजारोंनी पिंजऱ्यांत पाळली जात. पाळली जात, पण ती माणसाळलेली मात्र नव्हती. पिंजऱ्यात हात घालावयाचा तर जाड हातमोजे घालावे लागत.

या प्रयोगाचे जनक द्मित्री बेल्यायेव यांचा जन्म १९१७ सालचा. वडील खेड्यातील धर्मोपदेशक. थोरला भाऊ निकोलाय हा जनुकशास्त्रज्ञ होता आणि त्याच्याच प्रभावाने धाकट्याला या विषयाची गोडी लागली. १९३७ साली निकोलायला अटक झाली आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या. हा काळ स्टालिनच्या दहशतीचा होताच. पण जनुकशास्त्रावर आणखी एक संकट येऊन ठेपले होते. त्याचे नाव त्रोफिम लिसेन्को.

लिसेन्को हा शेतकरी कुटुंबातून आलेला कृषितज्ज्ञ. जनुक वगैरे काही नसते, परिस्थिती बदलली की वंशाचा गुण बदलतो आणि तो बदल पुढील पिढीत उतरतो, असे त्याचे मत होते. गव्हाचे बी थंडीत ठेवून त्याचा स्वभाव पालटता येतो, आणि मग पिके भरघोस येतील, असा त्याचा दावा होता. उपासमारीने गांजलेल्या देशात आणि माणसाचा स्वभावच नव्याने घडवू पाहणाऱ्या राजवटीत हे मत सोयीचे होते. १९३८ साली तो कृषी अकादमीचा अध्यक्ष झाला. जगभर हिंडून पिकांच्या लक्षावधी बियाण्यांचा संग्रह करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह त्याच्या मार्गात होते. १९४० साली त्यांना अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सरातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. देशाला अन्न मिळावे म्हणून आयुष्य वेचलेला हा पुरुष तुरुंगात अन्नावाचून खंगत गेला.

ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात जनुकशास्त्राला अधिकृतपणे मूठमाती देण्यात आली. लिसेन्कोने समारोपाच्या दिवशी जाहीर केले की, आपले निवेदन पक्षाच्या मध्यवर्ती समितीने पाहून मान्य केले आहे. त्यानंतर सभागृहात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. झुकोव्स्की, अलिखान्यान आणि पोल्याकोव्ह या तिघा शास्त्रज्ञांनी उठून आपली पूर्वीची मते मागे घेतली. युद्धात एक डोळा गमावलेले इओसिफ रापोपोर्ट यांनी मात्र त्याच अधिवेशनात जनुकशास्त्राची बाजू मांडली आणि पुढेही माघार घेतली नाही. त्यांचे पक्षसदस्यत्व गेले, नोकरी गेली आणि कित्येक वर्षे त्यांना भूगर्भशास्त्राशी संबंधित कामावर गुजराण करावी लागली. देशभरात प्रयोगशाळा बंद झाल्या, पाठ्यपुस्तके बदलली, वर्षानुवर्षे जोपासलेले फळमाश्यांचे वंश नष्ट करण्यात आले. मॉस्कोतील केसाळ प्राण्यांच्या पैदाशीच्या संशोधन प्रयोगशाळेत विभागप्रमुख असलेल्या बेल्यायेव यांनाही ते पद गमवावे लागले; प्रयोगशाळेत मात्र ते टिकून राहिले.

अशा वातावरणात बेल्यायेव यांच्या मनात एक विचार घोळत होता. पाळीव प्राण्यांची ती सारी न मागितलेली लक्षणे एकाच गोष्टीच्या पोटी आली असावीत आणि ती गोष्ट म्हणजे सौम्य स्वभावाची निवड. आदिमानवाने लांडग्याचा रंग किंवा कान पाहिले नसतील. जो अंगावर धावून आला नाही, तो जवळ राहू दिला असेल. तसे असेल, तर केवळ स्वभाव पाहून निवड केली असता बाकीचे सारे आपोआप यावयास हवे. १९५२ च्या सुमारास त्यांनी एस्टोनियातील कोहिला येथील फार्मच्या पैदासप्रमुख नीना सोरोकिना यांना विनंती केली की, दरवर्षी त्यातल्या त्यात शांत खोकडे निवडून त्यांची जोडी लावावी. कोणी विचारले तर उत्तर तयार होते. खोकडे शांत झाली तर सांभाळणे सोपे जाईल, आणि ती वर्षातून दोनदा विऊ लागली तर कातडी दुप्पट मिळतील. फायलीवर विषय कोणता लिहावा म्हणजे ती अडणार नाही, हे जाणण्याची कला केवळ आपल्याकडच्याच कचेऱ्यांत आहे असे नाही.

१९५७ पासून नोवोसिबिर्स्कजवळ शास्त्रज्ञांची एक नवी वसाहत उभी राहू लागली आणि मॉस्कोपासून दूर असलेल्या त्या वसाहतीत कोशिकाशास्त्र व आनुवंशिकी यांची संस्था स्थापन झाली. नावात आनुवंशिकी हा शब्द असणे हेच धाडस होते. १९५९ साली ख्रुश्चेव्ह तेथे आले. ते लिसेन्कोचे पाठीराखे होते आणि संस्थाच बंद करावी असा त्यांचा रोख होता. त्यांची पत्रकार कन्या रादा हिने समजूत घातल्यामुळे संस्था वाचली असे सांगतात. संचालक दुबिनिन यांना जावे लागले आणि ती जबाबदारी बेल्यायेव यांच्यावर आली. पुढे १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच संचालक होते.

प्रयोगाचे प्रत्यक्ष काम मॉस्को विद्यापीठातून नुकतीच पदवी घेतलेल्या ल्युदमिला त्रुत यांच्याकडे आले. त्यांनी निरनिराळे फार्म धुंडाळून ३० नर आणि १०० माद्या निवडल्या. त्यांतील बहुतेक एस्टोनियातील होत्या. नियम साधा होता. पिल्लू महिन्याचे झाले की दर महिन्याला त्याची परीक्षा. परीक्षक हातात खाऊ धरून पिल्लाला स्पर्श करू पाहतो. ते पळते, चावते, सहन करते की जवळ येते, याची नोंद होते. सहा-सात महिन्यांचे झाल्यावर अंतिम वर्ग ठरतो. पुढची पिढी फक्त वरच्या वर्गातून. नरांपैकी शंभरात चार-पाच आणि माद्यांपैकी शंभरात सुमारे वीस. खोकडांना शिकवण देण्यास मात्र सक्त मनाई होती. ती पिंजऱ्यातच राहत आणि माणसाचा सहवास मोजून-मापून मिळे. वागणुकीत जो बदल होईल तो शिकवणुकीचा नसून निवडीचा आहे, हे निःसंशय सिद्ध व्हावे म्हणून ही दक्षता होती.

चौथ्या पिढीत, १९६३ साली, एका पिल्लाने माणसाला पाहून कुत्र्यासारखी शेपटी हलवली. सहाव्या पिढीत अशी पिल्ले निपजू लागली, की जी माणसाला पाहताच कुईकुई करीत, हात हुंगीत आणि चाटीत. त्यांच्यासाठी अत्युत्कृष्ट असा नवाच वर्ग करावा लागला. दहाव्या पिढीत या वर्गात शेकडा १८ पिल्ले होती, विसाव्या पिढीत ३५, आणि चाळीस वर्षांनंतर ७० ते ८०. जी गोष्ट घडावयास हजारो वर्षे लागतात असे मानले जाई, ती एका बाईच्या नोकरीच्या कालखंडात घडली.

आणि मग न मागितलेली लक्षणे येऊ लागली. आठव्या ते दहाव्या पिढीत कपाळावर चांदण्यासारखा पांढरा ठिपका दिसू लागला. काहींच्या शेपट्या वळल्या. १९६९ साली एक मादी पिल्लू असे जन्मले, की ज्याचे कान मोठेपणीही लोंबतेच राहिले. तिचे नाव मेच्ता, म्हणजे स्वप्न, असे ठेवण्यात आले. पुढे काहींचे पाय आणि शेपट्या आखूड झाल्या. यातील एकाही गोष्टीसाठी कोणी निवड केली नव्हती.

शरीराच्या आत काय घडले हे त्याहून लक्षणीय आहे. संकटाच्या वेळी मूत्रपिंडावरील ग्रंथीतून रक्तात येणारे भीतीचे द्रव्य बारा पिढ्यांत सुमारे निम्म्यावर आले, आणि अठ्ठावीस-तीस पिढ्यांत पुन्हा त्याच्या निम्म्यावर. मेंदूतील सेरोटोनिन हे द्रव्य, ज्याच्या योगाने आक्रमकता आवरली जाते असे मानतात, ते वाढले. परंतु प्रस्तुत लेखकाला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती पिल्लांच्या वाढीची नोंद. सर्वसाधारण खोकडाचे पिल्लू सुमारे सहा आठवड्यांचे होईपर्यंत नवी वस्तू दिसली की हुंगते, चाटते, तिच्याभोवती खेळते. मग भीती जागी होते आणि ते अनोळखी गोष्टीपासून दूर पळू लागते. माणसाळलेल्या वंशात ही भीती नऊ आठवड्यांनंतर किंवा त्याहूनही उशिरा येते. शिवाय त्यांचे कान दोन दिवस आधी आवाज ओळखू लागतात आणि डोळे एक दिवस आधी उघडतात. म्हणजे निवडीने कुतूहलाचा काळ दोन्ही टोकांनी वाढवला. आपण समजतो की, माणसाळणे म्हणजे भीती मरणे. येथे भीती मेली नाही. ती उशिरा आली, आणि तेवढ्या अवकाशात जगाविषयी, माणसाविषयी, आस्था रुजली.

१९७४ साली त्रुत या प्रयोगशाळेच्या आवारातील एका घरात पुशिंका नावाच्या खोकडासह राहावयास गेल्या. तेथे ती व्याली, आणि नवजात पिल्लू तोंडात धरून तिने ते त्रुत यांच्या पायाशी आणून ठेवले. एका रात्री आवारात अनोळखी पहारेकऱ्याची चाहूल लागताच ती धावून गेली आणि कुत्र्यासारखी भुंकली. राखण करण्याचे शिक्षण तिला कोणी दिले नव्हते.

यावर साहजिकच एक आक्षेप निघतो. शांत आईच्या कुशीत वाढलेले पिल्लू शांत होणारच. त्यात रक्ताचा भाग किती आणि संगोपनाचा किती? त्रुत यांनी याचे उत्तर शोधण्यासाठी जे केले ते या कथेतील सर्वांत मोलाचे आहे. १९७० च्या सुमारास दुसरा एक वंश सुरू करण्यात आला होता. त्यात उलट कसोटी लावून सर्वांत आक्रमक खोकडे निवडली जात. त्रुत यांनी आक्रमक मादीच्या पोटातील गर्भ सौम्य मादीच्या उदरात आणि सौम्य मादीचे गर्भ आक्रमक मादीच्या उदरात रुजवले. सौम्य आईने जन्म दिलेली, तिच्याच दुधावर वाढलेली ती परकी पिल्ले मोठी होऊन माणसावर दात विचकू लागली. आणि आक्रमक आईच्या पोटी आलेली सौम्य वंशाची पिल्ले माणसाकडे झेपावू लागली. खोकडांच्या बाबतीत प्रश्न मिटला. फरक प्रामुख्याने रक्तातच होता.

बेल्यायेव यांनी याला अस्थिरकारी निवड असे नाव दिले. स्वभावाची निवड ही शरीरातील रसांच्या आणि वाढीच्या वेळापत्रकाची निवड असते; ते वेळापत्रक हलले की त्याच्याशी जोडलेल्या अनेक गोष्टी हलतात. १९७८ साली मॉस्कोत भरलेल्या आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषदेत त्यांनी हा विचार जगापुढे मांडला. ज्या शहरात तीस वर्षांपूर्वी जनुक हा शब्द उच्चारणे धोक्याचे ठरले होते, त्याच शहरात.

नंतरच्या संशोधनाने या चित्रात भर घातली आणि काही ठिकाणी रंग फिकेही केले. २०१८ साली या खोकडांच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले आणि वागणुकीशी निगडित असे काही जनुक हाती लागले. २०२१ साली त्यांच्या मेंदूंच्या मापनांतून असे दिसले की, सौम्य आणि आक्रमक या दोन्ही वंशांच्या मेंदूंत साध्या फार्मवरील खोकडांच्या तुलनेने बदल झाले आहेत, आणि तेही बरेचसे त्याच भागांत. निवड कोणत्याही दिशेने करा, मेंदू हलतोच. मात्र २०१९ साली काही अभ्यासकांनी दाखवून दिले की, या खोकडांचे पूर्वज थेट रानातून आलेले नव्हते. ते कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील फार्मांवरून आले होते आणि तेथे काही अंशी माणसाळलेले व ठिपकेदार खोकड विसाव्या शतकाच्या आरंभीही होते. म्हणजे नोवोसिबिर्स्कची निवड कोऱ्या पाटीवर झाली नाही. सौम्यपणाबरोबर बाकीची सारी लक्षणे नेहमीच येतात, या विधानालाही त्यामुळे मुरड घालावी लागते. तथापि निवडीमुळे स्वभाव बदलला, ही गोष्ट या टीकाकारांनाही मान्य आहे.

आता दुसऱ्या निवडीकडे वळू. लिसेन्कोच्या राजवटीतही परीक्षा घेतली जात होती, वर्ग पाडले जात होते. हात पुढे केला असता कोण चावतो आणि कोण शेपटी हलवतो, हे तेथेही पाहिले जात होते. रापोपोर्ट यांना एका वर्गात टाकण्यात आले, माघार घेणाऱ्यांना दुसऱ्या. कसोटी एकच होती, निष्ठा. पण न मागितलेल्या गोष्टी येथेही बरोबर आल्याच. निष्ठेच्या कसोटीवर नेमलेल्या माणसांकडून प्रयोगांची काटेकोर तपासणी झाली नाही. आकडेशास्त्राला शत्रू ठरवण्यात आले. शंका विचारणारा विद्यार्थी गप्प बसू लागला. इंग्लंडात १९५३ साली जनुकद्रव्याची रचना उलगडून नवे युग उजाडले, तेव्हा सोव्हिएत जीवशास्त्र जुन्या घोषणाच म्हणत होते. राज्यकर्त्यांना फक्त आज्ञाधारक माणसे हवी होती. मागासलेले शास्त्र त्यांनी मागितले नव्हते. ते आज्ञाधारकपणाच्या पाठोपाठ आले.

दोन्ही निवडींतील साम्य येथेच संपते आणि फरक मोठा आहे. खोकडांच्या वंशात जनुक बदलले. शास्त्रज्ञांच्या बाबतीत तसे काही झाले नव्हते. माणसे तीच होती. भीतीने त्यांची वागणूक बदलली होती. म्हणूनच ऑक्टोबर १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह गेले आणि १९६५ साली लिसेन्कोला जनुकशास्त्र संस्थेच्या संचालकपदावरून दूर करण्यात आले, तेव्हा तेच लोक पुन्हा बोलू लागले. रापोपोर्ट तर १९५७ मध्येच प्रयोगशाळेत परतले होते. खोकडाला पुन्हा रानटी व्हावयाचे तर अनेक पिढ्या लागतील. माणसाला पुन्हा निर्भय होण्यास कधी कधी एक पत्र, एक सभा पुरते. वरिष्ठांना बरे वाटेल तेवढेच टिपणीत लिहिणारे सहकारी आणि असे असूनही खरे ते लिहून गोपनीय अहवालात शेरा ओढवून घेणारे सहकारी, हे दोन्ही प्रस्तुत लेखकाने नोकरीत पाहिले आहेत. साहेब बदलला की पहिल्या प्रकारच्यांपैकी कित्येकांची लेखणी सुधारत असे. दोष रक्तात असता, तर तसे झाले नसते.

हा फरक आपल्यासारख्या कुटुंबांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, धार, देवास येथे आपले पूर्वज शिंदे, होळकर, गायकवाड, पवार यांच्या सरदारकीमागोमाग आले. काही तलवार घेऊन आले, पुष्कळसे लेखणी घेऊन. दफ्तराला मोडी लिहिणारा, जमाखर्च जुळवणारा, तोंड मिटून ठेवणारा माणूस हवा असे. एका पिढीने तो विश्वास कमावला की दुसऱ्या पिढीला बसकण मिळे. पाच-सहा पिढ्या अशा गेल्या आणि मग घरोघरी एक वाक्य रूढ झाले : हिशेब आमच्या रक्तातच आहे. त्या वाक्याची दुसरी बाजू आपण मोठ्याने बोलत नव्हतो, पण ती होतीच : ते इतरांच्या रक्तात नाही.

लिसेन्को म्हणत होता, सर्व काही परिस्थितीने घडते. आपली घरे म्हणत होती, सर्व काही रक्ताने घडते. दोन्ही विधाने बोलणाऱ्याला सोयीची होती आणि दोहोंपैकी एकानेही त्रुत यांच्यासारखी अदलाबदल करून पाहिली नव्हती. माणसांवर तसा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. तरी इतिहासाने काही ठिकाणी तो आपसूक करून ठेवला आहे. पहिले उदाहरण आपल्याच माजघरातले. त्याच रक्ताच्या, त्याच घरात जन्मलेल्या मुलींना पिढ्यान्‌पिढ्या दफ्तरापासून दूर ठेवले गेले, आणि त्यांना हिशेबात गती नाही असे मानले गेले. शाळेचे दार उघडताच एक-दोन पिढ्यांत त्या शिक्षिका, डॉक्टर, लेखापरीक्षक झाल्या. एक-दोन पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलली होती ती निवडीची कसोटी. महाराज सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीत सुरू केला आणि १९०६ साली तो संपूर्ण बडोदे संस्थानाला लागू केला, मुलांबरोबर मुलींनाही. कोणाच्या रक्तात काय आहे हे अगोदर न ठरवता सर्वांना पाटी देणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

दुसरे उदाहरणही बडोद्याचेच. १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांच्या घराण्यात दफ्तरदारी नव्हती. वडील सैन्यात सुभेदार होते. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांत त्यांनी जे कर्तृत्व गाजवले ते सांगावयास नको. १९१७ साली करारानुसार ते बडोद्याच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील वागणूक आणि शहरात राहावयास जागा न मिळणे यांमुळे त्यांना थोड्याच दिवसांत बडोदे सोडावे लागले. एका राजाने बुद्धी पाहून निवड केली होती. कचेरीने जुन्या कसोटीवर ती निवड नापास केली. त्या कचेरीत बसणारे कोण होते, हे आपल्यापैकी ज्यांची घरे तेव्हा तेथे होती, त्यांना निराळे सांगण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या एकाच प्रकारची माणसे आत घेणाऱ्या दफ्तरातही न मागितलेली गोष्ट येऊन बसली होती. बाहेरचा गुणी माणूस ओळखण्याची नजर अधू झाली होती.

सोव्हिएत संघराज्य १९९१ साली लयाला गेले आणि नोवोसिबिर्स्कच्या संस्थेला खोकडांना चारा घालण्यापुरतेही पैसे मिळेनासे झाले. १९९६ साली ७०० असलेली माणसाळलेली खोकडे दोन-तीन वर्षांत १०० वर आणावी लागली. त्रुत यांनी लेख लिहून जगाकडे मदत मागितली, काही पिल्ले विकली, पण दोन्ही वंश मोडू दिले नाहीत. २०२४ साली, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले. ज्या प्रयोगाला आरंभी खोट्या नावाखाली लपावे लागले, त्याची वंशावळ साठ वर्षांहून अधिक काळ एकही पान न गाळता लिहिली गेली आहे. नोंदीचे मोल जाणणाऱ्या आपल्या मंडळींना त्याचे अप्रूप वाटल्यावाचून राहणार नाही.

निवड टाळता येत नाही. शाळेतील प्रवेश, नोकरीतील बढती, सोयरीक, सभेचे कार्यकारी मंडळ, सर्वत्र ती चालूच असते आणि चालूच राहील. परंतु प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारता येतात. आपण जी कसोटी लावतो आहोत तिच्या मागोमाग, न मागता, आणखी काय येणार आहे? आणि ज्याला आपण नापास करतो आहोत त्याचा दोष रक्तात आहे, की पाटी न मिळण्यात? पहिल्याचे उत्तर खोकडांनी दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर गर्भ इकडून तिकडे नेऊन पाहिल्याशिवाय त्रुत यांनीही दिले नाही. आपण तर ते वाड्याच्या ओसरीवर बसून देत आलो.